शोककवितेतली निसर्गप्रतिमा: कुठे पेलते, कुठे कोसळते

कवठीचाफा

शोककवितेत निसर्ग बहुतेक वेळा सांत्वनाला आल्यासारखा येतो. माणूस गेला की आभाळ रडतं, वारा उदास होतो, फुलं कोमेजतात, सूर्य कायमचा मावळतो. लिहिणाऱ्याचं दुःख खरं असतं, पण कविता वाचणाऱ्यापर्यंत पोचत नाही. आभाळ सगळ्यांसाठीच रडत असतं, त्यामुळे हा माणूस नेमका कोण होता ते कळतच नाही.

माझं म्हणणं असं: निसर्ग आपल्या वेळापत्रकाप्रमाणे चालत राहतो आणि गेलेला माणूस त्यात नसतो, या दोहोंतल्या अंतरात शोक असतो. प्रतिमेने ते अंतर दाखवायचं. ती भावनेची सजावट झाली की संपली.

बोलायला सोपं जावं म्हणून एक नमुना मुद्दाम रचून देते. आईवरची कविता आहे असं धरा.

> आई गेली आणि सारे आभाळ रडू लागले
> उदास वारा, खिन्न झाडे, फूल फूल कोमेजले
> सूर्य मावळला जणू माझ्या साऱ्या जगण्याचा
> दुःखाच्या काळोखात शोधते मी हात तुझा

चार ओळींत सहा प्रतिमा आहेत: आभाळ, वारा, झाडं, फूल, सूर्य, काळोख. एकीलाही दोन श्वास मिळत नाहीत. ‘उदास’, ‘खिन्न’, ‘दुःखाच्या’ हे शब्द वाचकाचं काम आधीच उरकून टाकतात. कोणतं फूल, कोणती वेळ, कोणता महिना, काहीच नाही. आई कशी होती याचा एकही पुरावा नाही.

दुरुस्तीसाठी एकच झाड घ्या. परसातला प्राजक्त घेऊ. आधी कविता लिहू नका. त्याच्याबद्दल दहा-पंधरा नुसती निरीक्षणं लिहा, विशेषणांशिवाय: रात्री उमलतो. पहाटे गळतो. देठ केशरी. पाकळ्या उन्हात पारदर्शक होऊन मलूल पडतात, देठाचा रंग टिकतो. पान खरखरीत. फुलं वेचावी लागतात, तोडत नाहीत. देवाला चालतात, जमिनीवर पडलेली असूनही. मग या यादीसमोर दुसरी यादी करा: गेलेल्या माणसाचे हात या झाडाशी काय करत? वेचत. कशात? परडीत. ती परडी आता कुठे आहे?

> अजून पहाटे सडा पडतो.
> परडी खुंटीला आहे.
> नऊ वाजेतो उन्हात
> देठ तेवढे केशरी राहतात.

‘आई’ शब्द नाही, ‘गेली’ नाही, ‘जणू’ नाही. चारांतल्या तीन ओळी निव्वळ झाडाच्या आहेत. शोक दुसऱ्या ओळीत आहे, आणि ती ओळ सगळ्यांत सपाट आहे. निसर्गप्रतिमेला माणसाच्या वापरातली एक वस्तू बांधली की ती प्रतिमा त्या एका माणसाची होते. परडी काढून बघा, उरतं ते फुलाचं वर्णन.

बाकीच्यांनी आपापल्या बाजूने भर घालावी. वृत्त, झाडं-पक्ष्यांची माहिती, ओव्या, सगळं चालेल.

---

लघुगुरू

मुद्दा पटतो, पण ‘निसर्गाला रडवू नका’ हा नियम करून टाकू नये. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गातला अजविलाप, म्हणजे राणी इंदुमतीसाठी राजा अजाने केलेला शोक बघा. इंदुमती गेल्यावर अज आधी काय बोलतो? तिने आंबा आणि प्रियंगूची वेल यांचं लग्न ठरवून ठेवलं होतं, ते लावायच्या आधीच ती निघाली. अशोकाला तिच्या पायाच्या स्पर्शाने फुलायचं होतं. तिच्या केसांत जायची ती फुलं आता तर्पणाच्या माळेत कशी घालू, असं तो विचारतो. हे सगळं तुम्ही म्हणता तसंच आहे. झाडाचा आणि तिचा ठरलेला व्यवहार अर्धवट राहिला.

पण लगेच पुढच्या श्लोकात तोच अशोक फुलांचे अश्रू ढाळतो. आणि विलाप संपताना राजाच्या शोकाने झाडंही रडू लागतात.

म्हणजे कालिदास झाडाला रडवतो, पण दोन अटींवर. झाडाला रडायला कारण मिळालेलं असतं, पायाचा तो स्पर्श झाडाला दुसरीकडून मिळणार नसतो. आणि रडणं झाडाच्या शरीराला शक्य असतं: अशोकाच्या बाबतीत गळणारी फुलं, शेवटच्या श्लोकात फांद्यांतून पाझरणारा रस. डिंक, चीक, दव, गळती यांपैकी काहीच न दाखवता ‘झाड रडलं’ म्हटलं की ते पोकळ वाटतं.

क्रमही महत्त्वाचा आहे. व्यवहार आधी, अश्रू नंतर. उलटं केलं की फसतं.

---

कवठीचाफा

मान्य. ‘कारण आणि शरीर’ ही कसोटी माझ्या नियमापेक्षा बरी आहे. नमुन्यातलं आभाळ दोन्हींत नापास होतं.

---

अर्धविराम

शंका: विरहाची कविता आणि मृत्यूची कविता यांत निसर्ग वेगळा वापरायचा का? दोन्हीकडे पाऊस, संध्याकाळ, वाट हेच येतं.

---

लघुगुरू

वेगळा वापरायचा, आणि इथेच बऱ्याच कविता घसरतात. काव्यशास्त्रात विप्रलंभ शृंगार (विरहातलं प्रेम) आणि करुण (शोक) यांची वाटणी परत भेटीच्या आशेवर आहे. आशा शिल्लक असेल तर विप्रलंभ, संपली असेल तर करुण. निसर्ग दोन्हीकडे उद्दीपन, म्हणजे भाव चेतवणारी गोष्ट, म्हणून येतो, पण त्याचं काम बदलतं.

विरहात निसर्गाला निरोप सांगता येतो, विनवता येतं, अडवता येतं. इंदिरा संतांची पावसाला ‘नको नको’ म्हणणारी प्रसिद्ध कविता आठवा: घर चंद्रमौळी, दारात सायली, आणि शेवटी विजेला सांगितलंय की कडाडून त्या वाटसरूला मागे फिरव. पाऊस तिथे कामाला लावता येतो, कारण मागे फिरणारं माणूस आहे.

मृत्यूच्या कवितेत ‘मेघा, तिला सांग’ असं लिहिलं की वाचक नकळत परतीची वाट बघू लागतो. निरोप्या नको. त्याऐवजी साक्षीदार घ्या: जे दोघांनी पाहिलं आणि आता एकटाच बघतोय. किंवा प्रश्न विचारा, ज्याला उत्तर येणार नाही.

---

पैलथडी

प्रश्नाचं एक अप्रतिम उदाहरण तमिळमध्ये आहे. संगमकाळातल्या ‘पुरनानूरु’ या 400 कवितांच्या संग्रहात 242 वी कविता ओल्लैयूरच्या सात्तन या वीराच्या मृत्यूवर आहे. कवी जुईच्या जातीतल्या मुल्लै या फुलाशी बोलतो. तरुण तुला माळत नाहीत, बांगड्या भरलेल्या बायका खुडत नाहीत, वाद्य घेऊन हिंडणारा गायक, पाणन, माळत नाही, गाणारी पाडिनी माळत नाही. तो शूर सात्तन गेल्यावरही, ओल्लैयूरच्या देशात, मुल्लै, तू फुललीस का?

रचना बघा. आधी चार नकार, प्रत्येक नकारात फूल वापरणारं एक माणूस. त्यामुळे गाव उभं राहतं आणि ते थांबल्याचंही दिसतं. सात्तनचं कर्तृत्व एका छोट्या वाक्यात. फुलाचं वर्णन शून्य: रंग नाही, वास नाही. फूल फक्त एक करतं, फुलतं. आणि तोच त्याच्यावरचा आरोप आहे.

संगम कवितेत मुल्लै हे फूल एका भूप्रदेशाचंही नाव आहे आणि त्या प्रदेशाला जोडलेला भाव म्हणजे धीराने वाट बघणं. ज्याची वाट बघायची तोच नाही, म्हणून तेच फूल निवडलं असणार, असं मला वाटतं. आपल्याकडे अशी बांधीव व्यवस्था नाही, पण वनस्पतींना जोडलेले अर्थ आहेतच: दूर्वा, तुळस, बेल, दर्भ, तीळ. ते माहीत नसताना वापरले तर कवितेत नको तो अर्थ शिरतो.

---

सह्यवाटा

माझी भर झाडं, पक्षी आणि चंद्र यांच्या बाजूने. शोककवितेत तपशील चुकला की निसर्ग जाणणाऱ्या वाचकाचा विश्वासच उडतो. वरचेवर दिसणाऱ्या चुका:

पानगळ. आश्विन-कार्तिकात, शरदाच्या चांदण्यात पानं गळताना दाखवतात. सह्याद्रीत आणि विदर्भात पानझडी जंगलांची मुख्य गळती थंडीच्या उत्तरार्धात आणि उन्हाळा लागताना, साधारण जानेवारी ते मार्च. पिंपळ तर फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतो आणि लगोलग तांबूस पालवी घेतो. ज्याला ‘गळतीनंतर दीर्घ शून्य’ हवंय त्याने पिंपळ घेऊ नये. टोरांटो किंवा न्यू जर्सीत राहून लिहिणाऱ्याने ऑक्टोबरातला मेपल खुशाल घ्यावा, तिथे तो खरा आहे. फक्त त्याच कडव्यात अंगणात प्राजक्त नको.

पळस. माघ-फाल्गुनात फुलतो आणि तेव्हा झाडावर पान जवळपास नसतं. ‘हिरव्या पळसावर लाल फुलं’ चूक.

कोकिळा. ‘कुहू’ गातो तो नर. मादीचा आवाज ‘किक्-किक्’ असा तुटक. विधवेच्या दुःखासाठी ‘एकटी कोकिळा गात राहिली’ लिहिलं तर प्रतिमा उलटी होते. शिवाय कोकिळ पावसाळ्यापर्यंत ओरडतो, कार्तिकात त्याचं गाणं आणू नये.

चंद्र. शुक्ल द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात मावळते, मध्यरात्री ती आकाशात नसते. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो. पुढे रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा. दहाव्या-तेराव्या दिवसांच्या कवितेला हा उशीर फार उपयोगी आहे: वाट बघणाऱ्याला चंद्र रोज जास्त थांबायला लावतो.

भरती-ओहोटी. दिवसातून दोनदा भरती, दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं. ‘रोज संध्याकाळी सहाला समुद्र परत येतो’ हे खरं नाही. खाडीकाठच्या कवितेत ‘वेळ पुढे सरकते’ एवढं जरी आलं तरी पुरतं.

आता न वापरलेल्या, पण शोकासाठी जबरदस्त अशा गोष्टी.

कारवी. सह्याद्रीत साधारण सात वर्षांनी सामूहिक फुलते आणि फुलून झाली की झुडूप मरतं. मेलेल्या काटक्यांवरची वाळकी बोंडं नंतर तडकतात आणि बी उडतं. दीर्घ आजारानंतरचा मृत्यू किंवा सगळं आयुष्य एका कामाला दिलेला माणूस यांसाठी ही प्रतिमा कोमेजल्या फुलापेक्षा कितीतरी खोल जाते, कारण इथे फुलणं आणि मरणं एकाच क्रियेचे भाग आहेत.

देवचाफा. तुटलेली फांदी लगेच मरत नाही. चीक वाळला की दिवसेंदिवस तशीच राहते, मातीत खोचली तर मुळं धरते. स्मशानाजवळ, देवळाजवळ हा लावलेला असतो, त्यामुळे वेगळं काही सांगावं लागत नाही.

वड. पारंब्या जमिनीत रुजून खोड होतात. मूळ खोड कुजलं तरी झाड उभं राहतं. वडीलधाऱ्यांवरच्या कवितेत ‘वटवृक्ष कोसळला’ हे वर्तमानपत्री झालंय, आणि वडाच्या स्वभावाच्या विरुद्धही आहे. खोड गेल्यावर पारंब्यांवर पेललेलं झाड दाखवा, घरातल्या माणसांवर आलेला भार आपोआप येईल.

---

कवठीचाफा

कारवीबद्दल एक सावधगिरी. जी गोष्ट वाचकाला माहीत नसण्याची शक्यता आहे तिचं वागणं कवितेतच, एका ओळीत, क्रियापदाने यावं. तळटीप लागली तर प्रतिमा पेलली नाही असं समजा. ‘सात वर्षं हिरवी, एकदा जांभळी, मग काटक्या’ एवढ्यात होतं.

---

जात्याकाठी

ओवीतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जात्यावरच्या ओव्यांत दुःख बहुतेक वेळा थेट सांगितलेलं नसतं. पहिल्या अर्ध्यात झाड, पाखरू, वाट, ढग. दुसऱ्या अर्ध्यात माहेर, भाऊ, आई. मध्ये ‘जसे-तसे’ चा सांधा नसतो. दोन गोष्टी शेजारी ठेवलेल्या, बस्स. गाणारी आणि ऐकणारी दोघी सांधा मनात जुळवतात. आजच्या कवितेत ‘जणू’, ‘सारखा’, ‘भासे’ गाळून वाचून बघा, दहांतल्या आठ वेळा कविता सुधारते.

अष्टाक्षरीत नमुना देते. भाद्रपदातला पितृपंधरवडा घेतला आहे, कारण डोंगरावर सोनकी फुलायची आणि घरात श्राद्धाची वेळ एकच येते:

> सोनकीला आला रंग,
> पान ठेवले दारात;
> फांदी रिकामी समोर,
> वाफ उरे ना भातात.

कावळा हा शब्द मुद्दाम घेतलेला नाही. पान आणि रिकामी फांदी म्हटलं की मराठी वाचकाला तो दिसतोच, आणि तो आला नाही म्हणजे काय हेही कळतं. ‘इच्छा राहिली’, ‘आत्मा घुटमळतो’ असं काही लिहिलं असतं तर चारही ओळी वाया गेल्या असत्या.

आठ अक्षरं मोजताना जोडाक्षर एक धरायचं. घाईने मोजणारे ‘स्मरण’ चार धरतात, ते तीनच.

---

अर्धविराम

शेवटची ओळ फार लागली. पण एक विचारतो: पहिली ओळ लख्ख पिवळी, आनंदी आहे. शोककवितेची सुरुवात अशी चालते?

---

जात्याकाठी

चालते, आणि हवीच. सगळ्या ओळी एकाच काळ्या रंगात असल्या की वाचकाला चौथ्या ओळीपर्यंत सवय होते. पहिली ओळ काढून तिथे ‘आभाळ आले भरून’ ठेवून वाचा. आठ अक्षरं बरोबर आहेत, पण भात निवल्याचं काहीच वाटत नाही.

---

लघुगुरू

वृत्ताबद्दल थोडं. अजविलाप आणि ‘कुमारसंभवा’तला रतिविलाप (कामदेव गेल्यावर रतीने केलेला शोक) दोन्ही वियोगिनी वृत्तात आहेत. विषम चरणात दहा अक्षरं (स स ज ग), सम चरणात अकरा (स भ र ल ग). स, ज, भ, र हे तीन-तीन अक्षरांचे गण, ल म्हणजे लघु (आखूड) अक्षर, ग म्हणजे गुरू (लांब). सम चरणात तिसरं-चौथं अक्षर लागोपाठ गुरू येतं, तिथे आवाज अडखळतो. गळा दाटल्यासारखा जो परिणाम होतो तो तिथला आहे. मराठीत करून बघायला:

> सरले अवघे ऋतू तरी
> फुलतो अंगणि मोगरा कसा

लघु-गुरूंच्या दृष्टीने बिनचूक, कवितेच्या दृष्टीने दोन दोष. ‘अंगणी’ चं ‘अंगणि’ करावं लागलं. जुन्या कवितेत ही सूट खपत होती, आज कानाला टोचते. आणि ‘कसा’ हा शब्द वृत्ताने मागितला म्हणून आलाय. त्याने आश्चर्य उगाच बोलून दाखवलं. वृत्तात शोककविता लिहिताना चरणाच्या शेवटची दोन-तीन अक्षरं तपासा, भरताड तिथेच जमा होतं. भरणं टळत नसेल तर अष्टाक्षरी किंवा अभंगाचा 6-6-6-4 साचा घ्या. शेवटचा चार अक्षरांचा तुकडा शोकाला फार चांगला, वाक्य अर्ध्यात थांबल्यासारखं होतं. भुजंगप्रयातासारखी धावती चाल मात्र टाळा, निसर्ग कितीही नेमका असला तरी ती त्याला मिरवणुकीत नेते.

---

पाणवठा

शोकसभेत वाचायच्या कवितेचा वेगळा विचार करावा लागतो. ऐकणाऱ्याला मागची ओळ परत वाचता येत नाही. म्हणून प्रतिमा एकच, ओळी बारा ते सोळा, वाचायला साधारण एक मिनिट, आणि झाडाचं किंवा जागेचं नाव पहिल्या दोन ओळींत. समोर घरचे लोक बसलेले असतात हे विसरून चालत नाही:

बुडून गेलेल्या माणसासाठी नदी, समुद्र, ‘लाटेत विलीन’ हे नको. जळून गेलेल्यासाठी ज्योत, ठिणगी, पलाशाचा अग्नी नको. अपघात रस्त्यावर झाला असेल तर ‘वाट’ सुद्धा तपासून घ्या. प्रतिमा सुंदर असली तरी घरच्यांना त्या क्षणी प्रत्यक्ष घटना दिसते.

लहान मूल गेलं असेल तर ‘कळी खुडली’, ‘देवाच्या बागेत फूल हवं होतं’ हे कृपया लिहू नये. त्यात कुणीतरी हेतूने खुडलं असा अर्थ आहे, आणि आईबापांना तो सहन करायला लावण्याचा हक्क आपल्याला नाही. त्यापेक्षा त्या मुलाने ज्या गोष्टीकडे बोट दाखवलं असेल ती घ्या. मुंग्यांची रांग, डबक्यातले बेडूक, खिडकीतली चिमणी. मूल जेवढं मोठं होतं तेवढीच प्रतिमा ठेवा.

आत्महत्येनंतर ‘पाखरू पिंजऱ्यातून मुक्त झालं’, ‘फूल आपणहून गळालं’ हेही टाळावं. सभेत त्याच अवस्थेतलं आणखी कुणी बसलेलं असू शकतं, आणि कवितेने त्याला मृत्यूची वाट सुंदर करून दाखवू नये.

---

सह्यवाटा

हा प्रतिसाद धाग्याच्या वरच लावायला हवा.

---

अर्धविराम

‘सूर्य मावळला’, ‘तारा निखळला’, ‘पणती विझली’ या कायमच्या टाकायच्या का? माझ्या मते कधीकधी वाचकाला ओळखीची प्रतिमाच हवी असते.

---

कवठीचाफा

टाकायची गरज नाही, पण तिला एक नवा, खरा तपशील द्यावा लागतो. सूर्य मावळल्यावर लगेच अंधार होत नाही. संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटं टिकतो, आणि तेवढ्यात घरात कुणीतरी दिव्याचं बटण दाबायला उठतं. ते उठणारं माणूस गेलेलं असेल तर कविता त्या वीस मिनिटांत आहे. सूर्याबद्दल मग काहीही म्हणायची गरज पडत नाही.

मसुदा झाल्यावर तपासायचा माझा क्रम असा असतो. भाववाचक शब्द (दुःख, वेदना, उदास, शून्य, पोरका) पेन्सिलने गोल करायचे आणि सगळे काढून वाचायचं. कविता उभी राहिली तर परत घालायचे नाहीत. नाही राहिली तर जास्तीत जास्त एक परत घ्यायचा. मग शेवटची ओळ झाकायची. बहुतेक मसुद्यांत ती आधीच्या ओळीचा अर्थ सांगत असते. मग महिना आणि वेळ ठरवून प्रत्येक पान-फूल-पाखरू त्या महिन्यात असतं का ते बघायचं. शेवटी मोठ्याने वाचायचं, कारण शोककवितेत श्वास कुठे तुटतो ते डोळ्यांना दिसत नाही.

---

पैलथडी

शीर्षकाबद्दल कुणी बोललं नाही. फुलाचं नाव शीर्षकात द्यावं का?

---

जात्याकाठी

शक्यतो देऊ नये. शीर्षक ‘प्राजक्त’ आणि कविता प्राजक्तावर, म्हणजे मृत्यू पूर्ण आतच शोधायला लावला; काही वाचक ती निसर्गकविता म्हणूनच वाचून जातात. उलट मृत्यूची वस्तुस्थिती शीर्षकात ठेवली की कवितेला ती सांगायचं ओझं राहत नाही. ‘दहावा दिवस’, ‘वर्षश्राद्ध’, ‘सातबाऱ्यावरचं नाव’ अशी साधी शीर्षकं चालतात. तिथीही वापरता येते. वरच्या प्राजक्ताच्या चार ओळींना ‘भाद्रपद वद्य नवमी’ एवढंच शीर्षक दिलं तर ती अविधवा नवमी, म्हणजे बाई नवऱ्याच्या आधी गेली आणि नवरा मागे आहे. मग पहाटे तो सडा बघणारं माणूस मुलगी न राहता म्हातारा नवरा होतो, एकही ओळ न बदलता. तिथी ज्यांना कळणार नाही अशा वाचकांसाठी लिहायचं असेल तर ‘नवमीचा सडा’ नको, सरळ ‘आईची परडी’ ठेवा. पण मग दुसऱ्या ओळीतली परडी काढून ‘खुंटी रिकामी नाही’ असं काहीतरी करावं लागेल, नाहीतर शीर्षक आणि ओळ एकच गोष्ट दोनदा सांगतात.